विणणाऱ्यांसाठी सूतकताई आणि रंगाई : आधी पीळ, मग पातेलं

दोनसुया

सुयांवर हात बसलेला आहे आणि आता सूतही स्वतः कातून, रंगवून विणायचं आहे, अशांसाठी हा चर्चेचा धागा काढते आहे. चर्चा लोकरीपुरतीच ठेवू या. कापसाचे तंतू आखूड, त्याची कताई वेगळी आणि त्याला लागणारे रंगही वेगळे.

विकतच्या लोकरीत आपण जे गृहीत धरतो ते बहुतेक सगळं पिळातून आलेलं असतं. टाका स्वच्छ दिसणं, कापड ताणून पुन्हा जागेवर येणं, घासून बोळे न धरणं, सगळं. रंगसुद्धा पिळाप्रमाणे कमीजास्त चढतो. म्हणून तकली कुठली, चरखा कुठला यात फार न अडकता पीळ ओळखायला शिकावं, असं माझं ठाम मत आहे.

तरी तकली लागतेच, तर तिच्याबद्दल थोडं. पहिली तकली ३० ते ४० ग्रॅमची, चकती वरच्या बाजूला आणि टोकाला आकडा असलेली घ्यावी. २० ग्रॅमची हलकी तकली वेगात फिरते, पण नवख्या हाताच्या जाड सुतात पटकन थांबते, उलटी फिरायला लागते आणि पीळ उलगडून सूत सुटतं. ६० ग्रॅमची तकली बारीक सूत तोडते. ती जाड सुताला आणि पदर एकत्र पिळायला ठीक. चकतीचा भार कडेला असला तर तकली जास्त वेळ फिरते, मध्याजवळ असला तर वेग जास्त पण लवकर दमते. घेताना आकड्याला दोरा अडकवून रिकामी फिरवून बघा, डगमगायला नको.

लोकर: पहिल्यांदा कॉरिडेल किंवा ब्लूफेस्ड लेस्टर जातीच्या मेंढीचा विंचरलेला टॉप, म्हणजे तंतू एका दिशेने लावलेला लोकरीचा लांब, न पिळलेला पट्टा. मेरिनो मऊ म्हणून मोह होतो, पण ती बारीक आणि निसरडी असते, पीळ जास्त मागते आणि हात घट्ट धरला की अडकून बसते.

टॉपच्या टोकाचे थोडे तंतू चिमटीत धरून ओढा. जो झुबका सुटून येईल त्याची लांबी मोजा, ८ ते १२ सेंमी भरेल. कातताना दोन हातांतलं अंतर या लांबीपेक्षा थोडं जास्त ठेवायचं. कमी ठेवलं तर एकाच तंतूची दोन्ही टोकं आपल्याच दोन हातांत असतात आणि लोकर जागची हलत नाही. «लोकर ओढलीच जात नाही» ही तक्रार दहातल्या नऊ वेळा यामुळे असते.

पेळू

चांगला धागा. पहिल्या आठवड्यासाठी भर घालतो: तकली हवेत सोडूच नका. पीळ देणं आणि तंतू ओढणं ही दोन कामं वेगळी करा.

टॉप उभा फाडून बोटाएवढ्या जाडीची पट्टी करा. तकलीच्या दांड्याला अर्धा मीटर लोकरीचा दोरा बांधा आणि आकड्यातून वर घ्या. दोऱ्याच्या टोकावर लोकरीचे तंतू पसरून ठेवा, घड्याळाच्या दिशेने तकली फिरवा आणि दोऱ्याला लोकर पकडू द्या. आता तकली गुडघ्यांत धरा. पीळ दोऱ्यात साठलेला आहे. वरचा हात लोकर धरतो, खालच्या हाताची चिमूट पिळाला अडवते. वरच्या हाताने ५-६ सेंमी तंतू ओढा, मग चिमूट सरकवत वर न्या, पीळ मागोमाग चढतो. साठा संपला की पुन्हा तकली फिरवा. हातभर सूत झालं की आकड्यातून काढून दांड्यावर गुंडाळा. गुंडाळलेलं चकतीलगत असू द्या, दांड्याच्या खालच्या टोकाकडे गेलं तर तकली डुगडुगते.

चिमटीच्या वर पीळ जाऊ देऊ नका. न ओढलेल्या लोकरीत एकदा पीळ शिरला की ती ओढता येत नाही.

दिशा पक्की ठरवा: एकपदरी घड्याळाच्या दिशेने, पदर एकत्र करताना उलट दिशेने. विणकामाचं बहुतेक विकतचं सूतही असंच असतं.

सुलट_उलट

माझं सूत कुठे सुतळी, कुठे केस असं येतं आहे. बारीक जागा कडक होतात आणि जाड जागी सूत सुटून येतं. पीळ कमी की जास्त?

पेळू

दोन्ही, एकाच वेळी. पीळ नेहमी बारीक जागेकडे पळतो कारण तिथे वळायला विरोध कमी. मग बारीक भागात गरजेपेक्षा जास्त साठतो आणि शेजारचा जाड भाग कोरा राहतो. जाड दिसतो तो मजबूत नसतो, तो कच्चा असतो. सूत तिथेच सुटतं.

दुरुस्ती जागेवर करता येते. जाड भागाच्या दोन्ही बाजूंना तंतूच्या लांबीपेक्षा जरा जास्त अंतरावर चिमटी धरा. एका हाताने पीळ थोडा उलगडा, तंतू सैल झाल्याचं बोटांना जाणवतं, तेव्हा हळू ओढा. गाठ लांबट होऊन विरते. सोडलं की शेजारचा पीळ आत धावून येतो. तुटलंच तर दोन्ही टोकं ५-६ सेंमी उलगडून पिसासारखी करा, एकमेकांवर पसरून ठेवा आणि पीळ द्या. गाठ मारू नका, विणताना गाठ टाक्यातून वर येते.

दोनसुया

आणि मूळ कारण बघायचं तर ते ओढण्यात आहे. दर वेळी सारखंच अंतर ओढलं की सूत सारखं येतं. ५ सेंमी तर ५ सेंमी. डोळ्यांपेक्षा हाताची लय इथे जास्त कामाची.

सुलट_उलट

पीळ पुरेसा झाला हे ओळखायचं कसं?

दोनसुया

नुकतंच कातलेलं, अजून न गुंडाळलेलं सूत हातभर घ्या आणि मधे सैल सोडा. ते स्वतःवरच वळून छोटी दुपदरी वेणी करतं. तेच तुमचं पुढचं दुपदरी सूत. वेणी सैल असेल, दोन पदरांत फट दिसत असेल, तर पीळ वाढवा. मण्यांच्या माळेसारखी टणक झाली तर कमी करा. टपोरी, एकसारखी, बोटाने दाबली तर किंचित दबणारी वेणी हवी.

अशी १० सेंमीची वेणी गाठ मारून जाड कागदाच्या तुकड्याला बांधा, शेजारी एकपदरीचा तुकडाही चिकटवा. पुढची १०० ग्रॅम कातताना दर काही मीटरला या कार्डाशी ताडून बघायचं. ताजं सूतच वापरा, कारण एक-दोन दिवस गुंडाळून ठेवलेल्या सुतात पीळ झोपलेला असतो. ते मुळीच वळत नाही, आणि पीळ कमी आहे असा गैरसमज होतो. पाण्यात पडला की तो जागा होतो.

गोलसुई

इथे विणणाऱ्यांच्या दृष्टीने सांगायलाच हवं. एकपदरी सुतात एकाच दिशेचा पीळ असतो. सुलट सपाट विणकाम केलं की प्रत्येक टाका थोडा वळतो आणि चौकोनाचा समांतरभुज होतो. धुऊन पिन लावून वाळवलं तरी पुढच्या धुण्यात पुन्हा तिरकं. दुपदरी सुतातही दोन दिशांचा पीळ तुल्यबळ नसला तर हेच होतं.

तपासणी सोपी आहे. सूत धुऊन वाळल्यावर लड (वेढे घेऊन बांधलेली सुताची जुडी) दोन हातांत सैल लोंबकळू द्या. सरळ लोंबली तर ठीक. एक-दोन वेढे घेतले तरी चालतं. चार-पाच वेढे घेऊन दोरखंड झाली तर पीळ असमतोल आहे. लड ज्या दिशेने वळते तो पीळ कमी पडलेला आहे. ती तो स्वतःच पुरा करायला बघते. एकपदरीच्या दिशेने वळली तर पदर पिळताना जास्त झालं. उलट दिशेने वळली तर पदरांचा पीळ कमी पडला. सगळं सूत पुन्हा तकलीवरून काढून तेवढी दुरुस्ती करता येते. एकपदरीच वापरायचं असेल तर सुलट-उलट टाके आलटून पालटून येणारा विणीचा प्रकार घ्या, तिरकेपणा एकमेकांत जिरतो.

पेळू

दोन पदर की तीन, यावर: दुपदरी सुताचा छेद लांबट असतो, टाक्यात दोन पदर एकमेकांपासून दूर पसरतात. जाळीदार शालीला हे उत्तम, कारण भोकं उघडी राहतात. तीनपदरी गोल होतं, टाका भरतो, दोरांच्या नक्ष्या उठून दिसतात. मोज्यांना तीन पदर आणि पीळ चांगला घट्टच. दुपदरी सैल सुताचे मोजे टाचेला फार लवकर विरतात, त्यावर मऊपणाचा हट्ट करू नये.

एकाच तकलीवरचं सूत तीनपदरी करायचं तर साखळी पद्धत आहे: सुताचं मोठं वेटोळं, त्यातून पुढचं वेटोळं, क्रोशाच्या साखळीसारखं, आणि तिन्ही धागे एकत्र पिळत जायचं. रंग वेगळे राहतात हा फायदा. तोटा असा की एक वेटोळं तुटलं की तिथले तिन्ही पदर सैल होतात. मोज्यांना खरे तीन वेगळे पदरच घ्या.

गोलसुई

जाडी मोजायला पट्टीभोवती सूत शेजारी शेजारी, न ताणता गुंडाळून एका इंचात किती वेढे बसतात ते मोजा. विकतच्या सुताच्या जाडीच्या नावांप्रमाणे: डीके (मध्यम) जाडीला १२ च्या आसपास, वर्स्टेडला (त्याहून जाड) १० च्या आसपास, मोज्यांच्या फिंगरिंगला (बारीक) १४ ते १८. कातताना लक्षात ठेवा की एकपदरीचे २० वेढे येत असतील तर दुपदरीचे साधारण १४ येतील.

हातकताईचं सूत गिरणीच्या सुतापेक्षा भरीव असतं. जाडी तीच, पण १०० ग्रॅममध्ये मीटर कमी. म्हणून नमुन्यात «१०० ग्रॅम» लिहिलं असलं तरी मीटरच बघा. मोजणी: दीड मीटर घेराच्या फाळक्यावर (सूत गुंडाळायच्या चौकटीवर), किंवा तेवढ्याच घेराच्या खुर्चीच्या पाठीभोवती, १४० वेढे म्हणजे २१० मीटर. आणि लागणाऱ्या सुतापेक्षा किमान दहावा हिस्सा जास्त काता, त्याच लोकरीचं. नंतर कातलेलं सूत जाडीला जुळवणं फार अवघड जातं.

सुलट_उलट

कातून झाल्यावर लगेच विणलं तर?

दोनसुया

नको. आधी धुवा, नाहीतर ते कापड झाल्यावर फुगेल आणि माप बदलेल. लड चार ठिकाणी इंग्रजी आठच्या आकड्यात सैल बांधा. ४० अंशाच्या कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब, २० मिनिटं बुडवून ठेवा, चोळू नका. तेवढ्याच कोमट पाण्यात खळबळा. टॉवेलात गुंडाळून दाबा. मग लडीच्या दोन्ही टोकांत हात घालून झटके द्या, जागा बदलत फिरवा. वाळत घालताना खाली वजन लटकवू नका. वजनाने असमतोल पीळ ताणून लपतो, सूत सरळ दिसतं आणि नमुना धुतल्यावर सगळं उघड होतं.

१० ग्रॅम कातून, पिळून, धुऊन, १० बाय १० सेंमीचा तुकडा विणून तोही धुवा. मग पुढची लोकर हातात घ्या.

पातेलंभर_रंग

रंगाईची बाजू मी घेते. लोकर प्रथिनाची, म्हणून तिला ॲसिड रंग: रंग, आंबटपणा आणि उष्णता. हिशोब सुक्या सुताच्या वजनावर. १% छटा म्हणजे १०० ग्रॅम सुताला १ ग्रॅम पूड. ही मध्यम, भरलेली छटा. फिकट हवी तर ०.१ ते ०.३%, काळ्याला ३-४%. अर्धा ग्रॅम पूड मोजायला घरगुती काटा पुरत नाही, म्हणून आधी द्रावण करा: १० ग्रॅम पूड थोड्या गरम पाण्यात कालवून एकूण १ लिटर. आता १०० मिलीत १ ग्रॅम रंग. ८० ग्रॅम सुताला ०.५% हवी तर ४० मिली. हे आकडे वहीत नोंदले नाहीत तर तोच रंग पुन्हा जमणार नाही.

पूड कालवताना मास्क आणि हातमोजे, पंखा बंद. पातेलं, चमचे, थर्मामीटर रंगाचेच वेगळे ठेवा, स्वयंपाकात परत जाऊ देऊ नका.

एकसारख्या रंगासाठी १०० ग्रॅमला ३ लिटर पाणी. सूत आधी किमान अर्धा तास, हातकताईचं असेल तर दोन तास कोमट पाण्यात साबणाचा थेंब घालून भिजवा. पातेल्यात द्रावण मिसळा, ओलं सूत सोडा, ३०-४० मिनिटांत हळूहळू ८५ ते ९० अंशापर्यंत न्या. निम्म्या वाटेवर सूत बाजूला उचलून ५ टक्क्यांचं पांढरं व्हिनेगर ६० मिली, किंवा सायट्रिक ॲसिडचा सपाट छोटा चमचा, पाण्यात विरघळवून घाला, ढवळून सूत परत सोडा. ९० ला अर्धा तास ठेवा. पांढऱ्या चमच्यात पाणी घेऊन बघा. जवळजवळ स्वच्छ झालं की रंग सुतात गेला. तसंच पातेल्यात थंड होऊ द्या, शक्यतो रात्रभर. नीळसर हिरव्या छटांना वेळ जास्त लागतो.

सुलट_उलट

बांधलेल्या जागी पांढरे पट्टे राहिले आणि बाकी सुतावर गडद-फिकट ठिपके आले. रंग पुरेसा होता, पाणी स्वच्छ झालं होतं.

पातेलंभर_रंग

पट्टे घट्ट गाठींचे. गाठीच्या आत बोट सहज जाईल इतकी सैल बांधा.

ठिपक्यांबद्दल: सूत हातकताईचं आहे ना? एक फिकट ठिपका आणि एक गडद ठिपका भिंगाखाली बघा. फिकट जागी बहुधा सूत बारीक आणि टणक दिसेल, गडद जागी फुगीर. जास्त पिळलेल्या जागी पाणी आत शिरत नाही, बाहेरची कडा तेवढी रंगते. सैल भाग आधी रंग पिऊन टाकतो. पीळ उलगडून बघितलं तर आतला गाभा पांढरा सापडेल. इलाज म्हणजे लांब भिजवणं, आंबटपणा उशिरा घालणं आणि तापमान सावकाश चढवणं. आधीच रंगलेल्या सुतावर थोडी गडद छटा पुन्हा चढवली तर फरक बराच झाकतो. दुसरी शक्यता लोकरीत राहिलेल्या तेलकटपणाची: कोरडं सूत बोटांना चिकट लागत असेल तर आधी ६० अंशाच्या पाण्यात साबण घालून न हलवता भिजवा आणि तेवढ्याच गरम पाण्यातून काढा.

गोलसुई

जांभळ्यात लाल आणि निळ्याचे वेगळे डाग पडतात, तेही यातच येतं का?

पातेलंभर_रंग

नाही, ते रंग फुटणं. मिश्र जांभळ्यातले लाल आणि निळे वेगवेगळ्या वेगाने लोकरीला चिकटतात. आंबट, गरम पाण्यात सूत टाकलं तर आधी चिकटणारा जागा पकडतो आणि दुसरा उरलेल्या ठिकाणी बसतो. एकसंध जांभळा हवा तर आंबटपणा शेवटी. डाग आवडत असतील तर उलट करा, सूत आधी व्हिनेगरच्या पाण्यात भिजवा. सुपरवॉश लोकर (धुतल्यावर आटू नये म्हणून प्रक्रिया केलेली) रंग फार झपाट्याने घेते, तिथे तर जास्तच सावकाश जा.

लोकर गोळा होण्याचं कारण नुसती उष्णता नसते. उष्णता, घासणं, साबण आणि तापमानातला झटका यांचा मेळ बसला की ती आटते. ९० अंशावरून थेट नळाच्या पाण्यात टाकणं आणि उकळत्या बुडबुड्यांनी सूत नाचणं, या दोन गोष्टी टाळल्या की भीती जवळपास संपते.

मंजिष्ठा

वनस्पतींच्या रंगांबद्दल थोडक्यात. आधी तुरटी: १०० ग्रॅम सुताला १२ ग्रॅम, सोबत ६ ग्रॅम क्रीम ऑफ टार्टर. ८० अंशाला एक तास आणि रात्रभर त्याच पाण्यात. जास्त तुरटीने लोकर चिकट होते. मग मंजिष्ठेची मुळं सुताच्या वजनाइतकी, आदल्या रात्री भिजवून. रंग ६५ ते ७० अंशाला काढा. जास्त तापवलं तर लाल छटा तपकिरीकडे झुकण्याचा धोका. गडद करायला हिराकस १०० ग्रॅमला १ ते २ ग्रॅम. त्यापुढे लोकर खरखरीत आणि ठिसूळ होते.

हळदीचा पिवळा बघताक्षणी आवडतो, पण उन्हात उडतो आणि साबणाच्या पाण्यात लालसर होतो. बीट तर राहतच नाही. कोणताही नवा रंग वापरण्याआधी सुताचे दहा वेढे कार्डावर गुंडाळा, अर्धे जाड कागदाने झाका, खिडकीत तीन आठवडे ठेवा. मगच स्वेटरला हात घाला.

पेळू

आधी रंग आणि मग कताई, हाही रस्ता आहे आणि विणणाऱ्यांना त्यात मजा जास्त. फक्त रंगवताना टॉप अजिबात हलवू नका, आणि वाळल्यावर कडक वाटला तर उभा फाडून तंतू हलके सैल करून घ्या.

लांबीवर तीन रंग असलेला १०० ग्रॅमचा टॉप उभा दोन भागांत फाडा. पहिला अर्धा सलग काता, त्यात प्रत्येक रंग लांब चालेल. दुसरा अर्धा पुन्हा उभा चार पट्ट्यांत फाडून, प्रत्येक पट्टी त्याच टोकापासून सुरू करून एकामागे एक काता. इथे रंग चौपट वेगाने बदलतात. दोन्ही एकत्र पिळले की एका पदरात लांब पट्टे, दुसऱ्यात आखूड, आणि सुतात रंग कधी जुळतात, कधी भिडतात. साध्या सुलट विणीत हे फार सुंदर दिसतं. नक्षीदार विणीत हरवतं.

सुलट_उलट

शेवटचा प्रश्न. एकाच पातेल्यातल्या दोन लडी किंचित वेगळ्या आल्या आहेत. स्वेटरच्या मधोमध जोड दिसेल ना?

गोलसुई

दिसेल, विशेषतः छातीवर. दोन्ही लडी एकदमच वापरा: दोन ओळी पहिलीच्या, दोन दुसरीच्या, न तोडता कडेने वर नेत. गोल विणत असाल तर दर फेरीला लड बदला आणि बदलताना नवं सूत जुन्याभोवती एकदा वळवून घ्या, पण ओढू नका, तिथे टाका आवळतो. बाह्यांसाठी आत्ताच दोन्ही लडींतून निम्मं निम्मं सूत वजन करून बाजूला काढून ठेवा.

सुलट_उलट

आज रात्री लडी वजन करून घेते. धुतलेल्या तुकड्याचं माप उद्या इथेच टाकते.